वरीलप्रमाणे

४ फेब्रुवारी, बुधवार

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "जे वाटतं ते रोज लिहून काढत जा." मी म्हटलं, अहो, सव्वीस वर्षं लिहिण्याचंच काम करते मी. सैनिक नोंद कार्यालयात बसते. कोण कधी भरती झाला, कधी सुटला, कुणाला कुठे लागलं, सगळं लिहिते. तर म्हणाल्या, "ते दुसऱ्यांचं. आता स्वतःचं लिहा."

तर स्वतःचं हे, की मी भित्री आहे. कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, साहेबांनी नुसतं "बाई, जरा आत या" म्हटलं तरी भिते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "चला, भागूबाईला फौजी मिळाला. आता हिच्या भीतीची काळजी त्याला." हे युद्धाहून परत आले होते, पायाला लागलेलं होतं. युद्धाचं एक अक्षर कधी बोलत नाहीत, त्यामुळे जास्तच आदर वाटतो. नाहीतर आमच्या कॉलनीत काहीजण दाढी करताना कापलं तरी आठवडाभर सांगतात.

आज कप्तान कार्यालयात आले होते. कप्तान हे निवडणुकीचे उमेदवार. फुटबॉलच्या संघाचे कप्तान होते म्हणून ते नाव पडलं, फौजेत साधे शिपाईच. त्यांच्या आघाडीला पोस्टरवर युद्धातली कामगिरी छापायची आहे, म्हणून नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल हवी होती. मी रजिस्टर काढलं, नक्कल केली, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात "चकमकीत जखमी". त्यांनी ते दोनदा वाचलं.

मग विचारलं, "हे रजिस्टर तुम्ही उतरवलंत का?"

म्हटलं, हो, मीच. जुनी पानं वाळवीनं खाल्ली होती.

"बरं," म्हणाले. "येतो, वहिनी. त्यांना विचारलंय म्हणून सांगा."

मला सगळं गाव बाई म्हणतं. हे वहिनी कुठून काढलं कोण जाणे. मतं मागायची असली की सगळेच नातेवाईक होतात.

संध्याकाळी ह्यांना निरोप सांगितला. हे नखं काढत बसले होते. नखाबरोबर कातडंही काढलं, रक्त आलं. "कोण?" म्हणाले. "असेल. खूपजण होते."

"तुमच्या दोघांच्या त्या पानावर तर नऊच नावं आहेत," मी म्हटलं.

"मग तुलाच जास्त माहीत," म्हणाले आणि गच्चीवर गेले.

७ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टर लागलं. "ह्यांनी रक्त सांडलं, तुम्ही मत द्या." नक्कलही छापली आहे, खाली माझी सही. नीट दिसत नाही, बरं आहे.

लेक आणि जावई जेवायला आले होते. आमचे जावईबापू मास्तरांच्या पक्षात. मास्तर म्हणजे कप्तानांच्या विरुद्ध उभे राहिलेले शाळामास्तर. जावईबापूंनी पहिला घास घ्यायच्या आत सुरुवात केली. "आई, तुमच्या त्या कप्तानांवरची नवी घोषणा ऐकलीत? आमच्याकडून. युद्धात कधी आघाडीवर नव्हते, आता आघाडीत आहेत!"

मी म्हटलं, "माझे कसले कप्तान? मला कुणीच कप्तान नको. पण तुमचे मास्तर तरी कुठे लढले? सहावी ब सोडून त्यांनी कुणाला तोंड दिलंय?"

लेक हसली. जावईबापू नाही हसले. "मास्तर कधी म्हणाले मी लढलो? खोटं तर बोलत नाहीत ना? ह्या माणसाबद्दल आमच्याकडे पक्की बातमी आहे. पळालेला आहे तो. रणातून पळालेला. एकीकडे आपले बाबा, खरे जखमी, भिंतीवर सन्मानपत्र लागलंय आणि तोंडातून ब्र नाही. आणि एकीकडे हा पळपुटा, पोस्टरवर!"

हे उठले. अर्धं जेवण ताटात तसंच. हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ चालू.

"बाबांना राग आला," लेक म्हणाली.

मी सांगितलं, ह्यांना कुणाला शिवी दिलेली सहन होत नाही, मग तो कप्तान का असेना. असा सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही. जावईबापूंनाही पटलं. ते जाताना ह्यांच्या पाया पडायला वाकले तर ह्यांनी पाय मागे घेतले.

सन्मानपत्राचं मात्र खरं आहे. युद्धाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आमच्याच कार्यालयाच्या यादीवरून सगळ्या जखमींना दिलं होतं. हे म्हणत होते दाराच्या मागे लाव. मी बाहेरच्या खोलीत लावलं, समोरच. का नाही लावायचं?

९ फेब्रुवारी, सोमवार

चौकात मास्तरांच्या पक्षानं माणसापेक्षा उंच फलक लावलाय. त्यावर नुसती माझी सही. मोठ्ठी. माझं इतकं वाईट अक्षर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खाली लिहिलंय, "ही सही कुणाची? किती खरी?" आज कार्यालयात जाताना तिच्याखालून मान खाली घालून गेले. दोन बायका वर बघत होत्या. एक म्हणाली, "बाईचीच दिसते." 

साहेबांनी आत बोलावलं. निवडणुकीच्या कार्यालयाकडे तक्रार गेली आहे. मास्तरांच्या लोकांना त्या पलटणीतला कुणी म्हातारा लेखनिक सापडलाय, तो म्हणतो त्या तुकडीतलं कुणीही जखमी नव्हतं, अख्खी तुकडी ठाणं सोडून पळाली होती. वीस तारखेला सुनावणी. मूळ पानं हजर करायची.

इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे माझंच मला स्पष्ट होईल. युद्धाच्या वेळची नोंद सुट्या लांब पानांवर होती. नावं कुठल्याही क्रमानं, जो लेखनिकासमोर आला तो आधी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पाचपन्नास जणांचा एकच शेरा असला की लेखनिक पहिल्यापुढे पूर्ण लिहायचा आणि मग खाली ओळीनं "वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे" लिहीत जायचा. मी नोकरीला लागले तेव्हा ही पानं वाळवीनं खाल्ली होती. पानाचा आकडा वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाळवीला नेमके वरचे कोपरेच आवडतात. मला म्हणाले, लावा ओळीनं आणि उतरवा नव्या रजिस्टरात. तीन महिने झाले होते मला लागून.

त्यातलं एक पान असं, की पहिल्याच ओळीला "वरीलप्रमाणे". नऊ नावं, नऊंपुढे वरीलप्रमाणे. कप्तान त्यातच. हेही त्यातच. वरचं पान कोणतं, ते मी ठरवलं. म्हणजे मी जुळवलं. तेव्हा नीट जुळवलं होतं.

आता रजिस्टरात तर मी "वरीलप्रमाणे" ठेवलंच नाही, प्रत्येकापुढे "चकमकीत जखमी" असं पूर्ण लिहिलं. अक्षर चांगलं काढलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी कौतुक केलं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घरच्या फोनवर तीन दिवस कुणीतरी फोन करतं आणि बोलत नाही. आज बोललं. "मूळ पानं सापडली पाहिजेत हं, बाई." अर्ध्या तासानं दुसरा आवाज. "मूळ पानं सापडायलाच पाहिजेत असं काही नाही, बाई." दोघेही अगदी गोड बोलले. मला धमकी ओरडून दिलेली परवडली असती.

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "वाळवीचं काय सांगता येतं? सव्वीस वर्षांत तिनं आणखी खाल्लं असेल."

मी म्हटलं, "साहेब, आपण दर वर्षी औषध मारतो."

"तेच तर. औषधानं कागद खराब होतो," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दोघांपैकी कुणीही निवडून आलं तरी त्यांची बदली व्हायची आहे, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग म्हणाले, "जे काय कराल ते तुम्ही केलंत. मला माहीत नाही."

आमच्या कार्यालयात शिपाई म्हणावा असा एकच, चहा आणणारा. फौजेत तो कधी नव्हता, पण आज मला गेटपर्यंत सोडायला आला, कारण गेटसमोर स्कूटरवर एक माणूस नुसता बसून होता. हेल्मेट घातलेला. कोणत्या पक्षाचा तेही कळेना. मी वळले तर त्यानं स्कूटर चालू केली. घरापर्यंत मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

ह्यांना सांगितलं. म्हटलं होतं, धीर देतील, दोन शब्द बोलतील. तर म्हणाले, "पानं आहेत का अजून?"

"असतील. गठ्ठ्यात बांधून मीच वर ठेवलीत."

"तू बघितलीस?"

"नाही अजून."

रात्रभर कूस बदलत होते. माझ्या काळजीनं झोप उडाली बिचाऱ्यांची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गठ्ठा काढला. लाल फडक्यातला. सगळे जेवायला गेल्यावर, शिडीवर चढून. शिडीलाही मी भिते.

पानं आहेत. नऊ नावांचं पानही आहे. पानं तेव्हा दोन-दोन करून टाचणीनं जोडायचे. टाचण्या गंजून गेल्या, पण डाग राहिले. मी सव्वीस वर्षांपूर्वी ज्या पानाखाली हे पान लावलं, त्या "चकमकीत जखमी"च्या पानावर गंजाचा डाग सरळ आहे. नऊ नावांच्या पानावरचा तिरका आहे. आणि तसाच तिरका डाग, तेवढाच लांब, तिसऱ्याच एका पानावर आहे. त्या पानाच्या तळाशी एकच नाव, ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि त्यांच्यापुढे शेरा: "हुकमाविना ठाणं सोडलं. दोन दिवसांनी हजर."

दोन्ही पानं एकमेकांवर ठेवून उजेडात धरली. भोकाला भोक बसलं.

पण गंज काय, कुठेही लागतो. दमट जागा आहे. दोन पानांवर सारखे डाग पडू शकतात. आणि मी तेव्हा काय डोळे मिटून लावलं होतं? ह्यांचं नाव त्या पानावर होतं. ह्यांच्या पोटरीवर वीतभर व्रण आहे, मी स्वतः रोज बघते. लग्नाच्या वेळी विचारलं होतं तर म्हणाले होते, "लागलं तिथे." मग जखमींच्या पानाखाली नाही लावायचं तर कुठे लावायचं? घरात साक्षीदार असताना बाहेर पुरावा शोधायला मी काय वेडी आहे?

म्हणजे कप्तानही जखमीच. शेरा सगळ्यांचा एकच ना.

गठ्ठा परत बांधला. गाठ चार वेळा सुटली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी बाहेरच्या खोलीची काच फुटली. दगड. मी भाजी निवडत होते, काचा भाजीत. किंचाळले. हे आतून धावत आले, आणि आले ते सरळ खाली बसले, भिंतीला पाठ लावून, डोक्यावर हात. मी म्हटलं, "अहो, गेला तो, दगड होता." तरी उठेनात. पाच मिनिटं तरी बसले असतील. मीच काचा झाडल्या. युद्धाचं अंगात किती खोल बसलेलं असतं बघा, आपण काय आपलं काचेला घाबरतो.

जावईबापू आले, म्हणाले कप्तानांच्याच लोकांचं काम. मग शेजारचे आले, म्हणाले मास्तरांच्या. दगडावर काही लिहिलेलं नव्हतं.

आज मी आयुष्यात पहिल्यांदा कार्यालयाचा कागद घरी आणला. तिन्ही पानं, डब्याच्या पिशवीत, डब्याखाली. गेटवर शिपाई म्हणाला, "बाई, आज डबा उघडलाच नाहीत." मला वाटलं मी तिथेच पडणार. नोकरी जाईल, कदाचित आत टाकतील. पण साहेबांच्या त्या बोलण्यानंतर गठ्ठा तिथे ठेवायचीही भीती वाटते. वाळवी दोन पायांचीही असते.

पिशवी कपाटात आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. दुपारी पानं टेबलावर ठेवली आणि ह्यांना हाक मारली. "अहो, बघा जरा. हे पान चुकीच्या जागी लागलं का माझ्याकडून?"

त्यांनी चष्मा मागितला. इतका वेळ वाचलं, की नऊ नावं वाचायला इतका वेळ लागत नाही. मग म्हणाले, "जागा कुठली ते तुला कळलंय. कशाला विचारतेस?"

मला कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. म्हणजे शुक्रवारपासून कळत होतं, पण मी कळू देत नव्हते.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. कालव्यावरचा पूल, त्याच्याशेजारी पंपघर. दहाजणांची तुकडी, पूल राखायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी टेकडीच्या पलीकडे तोफा सुरू झाल्या. "कुणी आलेलं नव्हतं. नुसता आवाज. एक माणूस दिसला नाही. मीच म्हटलं, निघा."

"तुम्ही? तुम्ही का म्हणणार?"

"तुकडीप्रमुख मी होतो."

मला ते साधे शिपाई म्हणून माहीत. प्रमुखाच्या नावापुढची खूण पानाच्या कडेला असते, आणि कड वाळवीनं खाल्लेली.

"सगळे उठले. तो कप्तान, एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत लहान, तो एकटा उठेना. म्हणाला, वरून हुकूम आलाय का? मी म्हटलं, मीच हुकूम. मग उठला. कोरड्या कालव्यात दोन दिवस बसलो. पाय तारेच्या कुंपणात अडकून फाटला. परत आलो तर पूल होता तिथेच. त्या बाजूला कुणी फिरकलंच नव्हतं. चारच दिवसांत युद्ध थांबलं, सगळे खुशीत, आमच्यापुढे शेरा मारला आणि घरी पाठवलं."

मी म्हटलं, "आणि मला सांगितलं नाहीत?"

"लागलं म्हणालो. लागलं होतंच. पुढचं तू समजलीस. मग नोकरीला लागलीस आणि एके दिवशी नाचत घरी आलीस, तुमचं पान सापडलं, नीट लावलं म्हणून. काय बोलणार होतो?"

"बोलायचं होतं ना! एवढं तोंड होतं ना!"

"भ्यालो," म्हणाले.

मी खूप बोलले. शेजारी ऐकू गेलं असेल. सव्वीस वर्षं माझी सही खोट्यावर, आणि ते खोटं मी माझ्याच स्वयंपाकघरातून उचलून नेलं. मला कुत्र्याची भीती वाटते म्हणून हे हसायचे मला. मी उठले, गॅस पेटवला आणि ते पान ज्योतीजवळ नेलं. एक कोपरा गेला असता की संपलं. कप्तान जखमी, हे जखमी, लेकीच्या घरात सगळं जिथल्या तिथे. फक्त त्या म्हाताऱ्या लेखनिकाला खोटं पाडायचं.

ह्यांनी मला थांबवलं नाही. जाळ म्हणालेही नाहीत. नुसते बघत उभे. मला त्याचाच जास्त राग आला. निदान एक काहीतरी म्हणा ना! मग मीच पान बाजूला ठेवलं. गॅस पेटलेलाच होता, म्हणून चहा ठेवला. दोघांनी प्यायला, साखर घालायची राहिली होती, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पानं काल सकाळी परत नेऊन ठेवली. साहेबांसमोर गठ्ठा उघडला आणि पोच म्हणून त्यांची सही घेतली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण नुसती पानं ठेवून भागत नाही, हे आता मला दिसतंय. पानं सांगतील ते इतकंच, की कप्तान हुकमाविना पळाला. ते खोटंच आहे. त्याला हुकूम होता. चुकीचा होता, पण होता. ते कोणत्याच कागदावर नाही. ते फक्त ह्यांच्याकडे आहे.

हे स्वतःच म्हणाले, "उद्या मी येतो. मी सांगेन."

संध्याकाळी लेक आली. म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही येताय म्हणे? आमचे हे तर खूश झालेत. खरा फौजी समोर बसला की त्या कप्तानाची वाचाच बसेल." हे तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील, आता सांगतील. म्हणाले, "जेवून जा."

त्यांच्यासाठी शर्ट इस्त्री केला. त्यांना विचारलं, कोणता? म्हणाले, रोजचाच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ

सकाळपासून पोटात अन्न नाही. हात थांबला की लिहायचं राहील म्हणून लगेच बसलेय.

आमच्याच कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत सुनावणी. बाहेर दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर लोक, मध्ये पोलीस. चौकशी अधिकारी बाई होत्या, लेकीच्या वयाच्या. पुढे कप्तान, पलीकडे मास्तर, मास्तरांच्या मागे बिल्ला लावून जावईबापू. हे तिसऱ्या बाकावर, दाराजवळ.

मला आधी उठवलं. मी पानं ठेवली, गंजाचे डाग दाखवले आणि म्हटलं, "मॅडम, सव्वीस वर्षांपूर्वी हे पान मी चुकीच्या जागी लावलं. चूक माझी." त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला. हुकमाविना ठाणं सोडलं. नऊही जण, वरीलप्रमाणे. मास्तरांच्या बाजूला टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "पळपुट्या!" बाहेरही ते पोचलं, बाहेरही तेच सुरू झालं. नऊ नावं कुणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही, सगळ्यांना एकच हवं होतं.

मॅडमनी कप्तानांना विचारलं, "तुम्हांला ठाणं सोडायला कुणी सांगितलं होतं का?"

कप्तान उभे राहिले. त्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मग मान खाली घातली. "आठवत नाही," म्हणाले.

मीही वळून बघितलं. म्हटलं, आता उठतील. हे दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले होते आणि गुडघे तरीही हलत होते. माझ्याकडे बघत होते, आणि डोळ्यांत इतकी भीती, की मी आरशातही कधी एवढी बघितलेली नाही. ते उठणार नव्हते. मला अगदी स्वच्छ कळलं. त्यांना उठता येत नव्हतं.

मॅडम लिहायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, थांबा. हुकूम ह्यांनी दिला होता."

"ह्यांनी म्हणजे?"

"तुकडीप्रमुख होते ना, ते. हे. तिसऱ्या बाकावर बसलेत."

"बाई, कागदावर मी 'हे' लिहू का? नाव सांगा."

अठ्ठावीस वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. लेकीच्या शाळेच्या अर्जावरसुद्धा मी लिहून दिलं होतं. इथेही लिहिणार नाही. पण त्या खोलीत सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि नाव ऐकल्याबरोबर हे उभे राहिले. कसे ते त्यांनाही कळलं नसेल. हात बाजूला, टाचा जुळलेल्या. "हजर," म्हणाले. मग म्हणाले, "हुकूम मी दिला. तो पोरगा विचारत होता, हुकूम आहे का. मी म्हटलं आहे. कुणी आलं नव्हतं. मला भीती वाटली म्हणून दिला."

जावईबापू बिल्ल्याशी चाळा करत राहिले, वर बघितलंच नाही. कप्तान आमच्या समोरून गेले, थांबले नाहीत. ह्यांनीही हाक मारली नाही. माझ्यावर खात्याची चौकशी लागेल असं साहेब जाता जाता कानाशी बोलले. बाहेर आलो तर दोन्ही बाजूंचे लोक एकच शब्द ओरडत होते, आणि आता तो ह्यांच्यासाठी होता. दोन पक्षांचं निवडणुकीत पहिल्यांदाच एकमत झालं. पोलिसांनी आम्हांला मागच्या दारानं काढलं.

लेकीचा फोन लागत नाही. मी चार वेळा लावला.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले. मला वाटलं, चिडतील. नाव का घेतलंस म्हणतील. रस्त्यावरून मोटारसायकली गेल्या, घोषणा जवळ आल्या, लांब गेल्या. मग म्हणाले, "अगं, मला भीती वाटतेय."

इतक्या वर्षांत हे वाक्य ह्या घरात फक्त मी म्हटलेलं आहे.

"मलाही," म्हटलं. आणि दोघांनी मिळून कपाट सरकवून फुटक्या खिडकीला लावलं.